सूचना दिली, सुटलो!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग निव्वळ आळस. आज मात्र राहवलं नाही.

झालं असं. परवा सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या भाच्याने एका अपघाताचे फोटो टाकले. लोकांनी हेल्मेट घालावं हा हेतू. हेतू चांगलाच. सोबत लिहिलं होतं, "मन विचलित करणारी दृश्ये. कमकुवत मनाच्या व्यक्तींनी पाहू नयेत." याच ग्रुपमध्ये माझी धाकटी बहीण आहे. तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. तिने सकाळचा चहा घेता घेता मोबाइल उघडला आणि... असो. दिवसभर जेवली नाही.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, मी सूचना दिली होती ना? तरी पाहिलं तर ती पाहणाऱ्याची जबाबदारी."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. (त्याला विचारूनच हे लिहिते आहे. "लिही, पण माझी बाजूही लिही," म्हणाला.)

आधी साधी गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो वर दिसतो आणि सोबतचा मजकूर त्याच्या खाली. म्हणजे "पाहू नका" हे वाचेपर्यंत पाहून झालेलं असतं. 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी फाटकावर लावतात, कुत्र्याच्या गळ्यात नाही!

दुसरी गोष्ट त्या 'कमकुवत मनाच्या' शब्दांची. जिने पोटच्या मुलाची ओळख पटवून कागदांवर सह्या केल्या, तिचं मन कमकुवत? उलट ही सूचना लिहिणारा आधीच सांगून मोकळा होतो की तुला त्रास झाला तर दोष तुझ्या मनाचा, माझ्या फोटोचा नाही.

यावर आमच्या थोरल्या बंधूंचं मत अगदी उलट. ते म्हणाले, "सूचनाच कशाला हव्यात? हल्ली सगळ्यांना फार लवकर लागतं. आमच्या वेळी असले लाड नव्हते." दादा, वयाने मोठे आहात म्हणून गप्प बसले होते, इथे बोलते. लाड नव्हते हे खरं, पण लागत नव्हतं हे खोटं. लागायचं, फक्त सांगायची सोय नव्हती.

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. पुस्तकात कुणाच्या तरी आई-वडिलांच्या मरणाचा धडा हमखास असायचा. त्या वर्षी वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील गेलेले असले, तर मी आदल्या दिवशी त्याला व्हरांड्यात बोलावून सांगायची, "उद्या असा असा धडा आहे. बसावंसं वाटलं तर बस, नाहीतर ग्रंथालयात जा. हजेरी लागेल." बहुतेक मुलं बसायची. एखादं जायचं. धडा मी कधी गाळला नाही, पण तो कुणासमोर वाचते आहे हे विसरले नाही. एकदा मात्र विसरले. एका मुलाने बाकावर डोकं टेकवलं ते तास संपेपर्यंत वर केलं नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला सांगितलं, "चूक माझी झाली." यापेक्षा वेगळं काय करणार?

म्हणून मी सूचनेच्या विरोधात नाही. सूचना हवीच. प्रश्न एवढाच, की ती समोरच्यासाठी आहे की स्वतःच्या सुटकेसाठी.

सुटकेच्या सूचनेचा मोठा भाऊ म्हणजे "आलं तसं पुढे पाठवलं". मला हे शब्द दिसले की युधिष्ठिर आठवतो. अश्वत्थामा मेला, हे मोठ्याने; नर की कुंजर, ते पुटपुटत. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं. शब्दांचा हिशेब केला तर धर्मराज खोटं बोललाच नाही, सूचना दिलेली होती! तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आलाच. महाभारताने ती पुटपुट जमेस धरली नाही.

आता माझीच गोष्ट सांगते, नाहीतर लोकां सांगे ब्रह्मज्ञान व्हायचं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. रविवारचा बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे गेले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना पकडून बेदम मारलं. पाचही जण जिवानिशी गेले.

तसाच एक निरोप त्याआधी काही दिवस मीही पुढे पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "खरं-खोटं माहीत नाही, पण मुलांना सांभाळा." तेव्हा वाटलं, किती जबाबदारीने लिहिलं! अहो, खरं-खोटं माहीत नव्हतं तर पाठवला कशाला? माझा निरोप राईनपाड्याला पोचला असं मी म्हणत नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या दाराशी दरवर्षी येणारा नंदीबैलवाला आला होता, आणि मी दार उघडलं नाही. मी पाठवलेल्या निरोपावर मीच विश्वास ठेवला होता. मग बाकीच्यांनी माझी खालची ओळ वाचली असेल, असं कशावरून?

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो. चांगलं झालं. पण ती खूण निरोप फिरत आला एवढंच सांगते. तो माझ्या बोटाने पुढे गेला, याचा जाब मीच द्यायचा.

भाच्याची दुसरी बाजू अशी: "कुणाला काय लागेल हे आधी कसं कळणार? मग काही लिहूच नये का?" मुद्दा बरोबर आहे. हजार अनोळखी लोकांपुढे बोलणाऱ्याला प्रत्येकाचं दुःख माहीत नसतं. त्याने आधी स्पष्ट सांगावं, काय आहे ते नेमकं सांगावं, आणि मग बोलावं. तिथून पुढे वाचणाऱ्याची जबाबदारी सुरू होते, हेही मान्य. पण आपल्या ग्रुपमध्ये तेवीस माणसं आहेत, बाळा. तेवीसही तुला नावाने माहीत आहेत. तिथे "कसं कळणार" हे उत्तर चालत नाही. हेल्मेटबद्दल दोन ओळी लिहिल्या असत्यास तरी काम झालं असतं. आणि फोटो हवेच होते, तर आधी तिला एक फोन.

फोटो त्याने त्याच दिवशी काढून टाकले. मावशी-आत्यांनी अंगठे दाखवले, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. बहिणीला मात्र त्याचा फोन अजून गेलेला नाही. ती विचारत नाही, तिचा स्वभाव नाही तो.

हे वाचल्यावर करशील ना रे? दुपारी चारनंतर कर, तेव्हा ती जागी असते.