तीन वर्षांचं मूल, तीन दिवसांचं ट्रेनिंग: उल्हासनगर ते बदलापूर, बालवाडीतल्या ताईंना कोण शिकवतं?

नर्सरीत प्रवेश घ्यायला गेल्यावर आपण काय विचारतो? फी किती, व्हॅन आहे का, सीसीटीव्ही आहेत का, इंग्लिश बोलतात का. तिथे दिवसातले तीन-चार तास आपल्या मुलासोबत बसणाऱ्या टीचरनं लहान मुलांना शिकवण्याचं काही प्रशिक्षण घेतलंय का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारला तर ‘हो, आमच्या टीचर्स ट्रेन्ड आहेत’ एवढंच उत्तर मिळतं. ट्रेन्ड म्हणजे कुठे, किती दिवस आणि कशात?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्यानं लैंगिक अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि 20 ऑगस्टला संतापलेले लोक बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरले. लोकल दिवसभर बंद पडली. दुसऱ्याच दिवशी सरकारचा आदेश निघाला: महिन्याभरात सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समित्या नेमा.

हे सगळं हवंच. पण चार वर्षांचं मूल तक्रारपेटीत चिठ्ठी टाकत नाही. ते शाळेत जायला नको म्हणतं, बाथरूमला जायला घाबरतं, दुखतंय म्हणतं, एकाएकी गप्प होतं. हे ओळखायला समोरच्या बाईला शिकवलेलं असावं लागतं. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणाही व्यक्तीनं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गल्लीतल्या नर्सरीत कामाला लागणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी हे सांगितलं जातं का, हे एकदा तिलाच विचारून पाहा.

नर्सरीच्या टीचरला नियम का नाहीत?

कारण कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिलीच्या शिक्षकाला डी.एड. आणि टीईटी लागते, ती या कायद्यामुळे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल कलम 11 फक्त एवढंच म्हणतं की सरकार त्यांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’. ‘करेल’ आणि ‘करू शकेल’ यांच्यामध्ये जी फट आहे, त्या फटीत महाराष्ट्रातल्या हजारो खाजगी नर्सऱ्या उभ्या आहेत. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, दुकानाच्या गाळ्यात किंवा बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या केंद्राला शिक्षिकेच्या पात्रतेची अट घालणारं कुणी नव्हतं.

2025 मध्ये शालेय शिक्षण विभागानं खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांच्या नोंदणीसाठी पोर्टल सुरू केलं. निदान केंद्रं किती आणि कुठे आहेत, हे सरकारदरबारी लिहिलं जाण्याची सुरुवात तरी झाली. पण नोंदणी म्हणजे प्रशिक्षण नाही. पोर्टलवर नाव आलं म्हणून टीचरला रडणाऱ्या मुलाला कसं शांत करायचं ते येत नाही.

मग अंगणवाडी सेविकांचं काय?

इथे चित्र वेगळं आहे आणि आपल्या समजुतीच्या उलटही. प्रशिक्षणाची ठरलेली सरकारी पद्धत आहे ती अंगणवाडीतच. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्यानंतर अनेक वर्षं नव्या सेविकेला सुमारे महिनाभराचं प्रशिक्षण आणि अधूनमधून उजळणी वर्ग अशी रीत होती. 2018 च्या पोषण अभियानात 21 भागांचं टप्प्याटप्प्यानं शिकण्याचं साहित्य आलं, पण त्यातला बहुतेक भर स्तनपान, वरचा आहार, कमी वजनाची बाळं यांवर होता. ते महत्त्वाचं आहे, वादच नाही. फक्त त्यात ‘शिकवणं’ मागे पडलं.

मे 2023 मध्ये केंद्रानं ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम आणला. अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावं, असं त्यात ठरलं. पुढच्या वर्षी शून्य ते तीन वयोगटासाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहासाठी ‘आधारशिला’ असे दोन आराखडे आले. आधारशिलेत 48 आठवड्यांचं खेळांवर आधारलेलं नियोजन आहे आणि ते चांगलं आहे. हे सगळं सेविकेपर्यंत पोहोचवायला दिवस किती? तीन.

तेही थेट तज्ज्ञांकडून नाही. आधी वरच्या अधिकाऱ्यांना आणि पर्यवेक्षिकांना मास्टर ट्रेनर बनवायचं, मग त्यांनी सेविकांना शिकवायचं. सरकारी भाषेत याला कॅस्केड म्हणतात. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं, आणि शेवटच्या पायरीला पीपीटीचे फोटो उरतात.

सेविकेचा दिवस पाहिला तर ते दोन तास कुठून काढायचे, हाही प्रश्न पडतो. आहार वाटप, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी, पोषण ट्रॅकरवर नोंदी. 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. फोन गरम होतात, बंद पडतात आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशी त्यांची तक्रार होती. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरण्याचं काम आलं, एका अर्जामागे 50 रुपये. त्यावर मतदार यादीची कामं वेगळी.

मोबदल्याला अजूनही पगार नव्हे, ‘मानधन’ म्हणतात. केंद्र आपल्या हिशेबात सेविकेसाठी दरमहा 4,500 रुपये धरतं, हा आकडा 2018 पासून हललेला नाही. वरची भर राज्याची. डिसेंबर 2023 पासून चाललेल्या दीर्घ संपानंतर, 2024 च्या शेवटी शेवटी महाराष्ट्रानं सेविकांचं मानधन 10 हजारांवरून 13 हजार आणि मदतनीसांचं साडेपाच हजारांवरून साडेसात हजार केलं. जास्तीचं शिकलं तर जास्तीचं मिळेल, अशी शिडी मात्र लहान आहे. 2022 च्या केंद्रीय नियमांनी पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या सेविकांसाठी ठेवल्या, तेवढीच एक वरची पायरी.

शहरात आणखी एक घोळ

800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, असा साधारण निकष आहे. 2011 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 1,74,226 होती, म्हणजे त्या हिशेबानं 218 अंगणवाड्या. उल्हासनगरची 5,06,098, म्हणजे 633. आणि हा हिशेब 2011 चा. त्यानंतर बदलापूर पूर्व-पश्चिमेला किती टॉवर उभे राहिले, ते सकाळी फलाटावर उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा. देशातल्या सुमारे 14 लाख अंगणवाड्यांपैकी शहरात साधारण दहातली एकच आहे. नवी वस्ती वाढते, अंगणवाडी वाढत नाही, आणि रिकामी जागा कुणीही न तपासलेली नर्सरी भरून काढते.

भाषेचा पेचही इथला खास आहे. फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभं राहिलं. आज एकाच खोलीत सिंधी, हिंदी, मराठी आणि भोजपुरी बोलणारी मुलं बसू शकतात. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा सांगतो, या वयात मुलाच्या घरच्या भाषेतून सुरुवात करा. चार घरभाषांच्या वर्गात ते कसं करायचं, हे तीन दिवसांत शिकवता येण्यासारखं नाही.

जुन्या ठाणे जिल्ह्यात हे आधी झालं होतं

‘अंगणवाडी’ ही कल्पना आपल्याकडचीच. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ होत्या. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांजवळ गेलं. बोर्डी आणि कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, 2014 पासून पालघरमध्ये आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी की तिथे बालवाडी आणि शिक्षिकांचं प्रशिक्षण एकाच आवारात चालायचं. शिंपले, बिया, पानं घेऊन मुलं खेळायची आणि शिकाऊ बाई तिथेच बसून पाहायची, मग स्वतः करायची. वर्गाबाहेरच्या हॉलमध्ये ऐकलेलं आणि वर्गात बसून पाहिलेलं, यातला फरक त्यांनी 80 वर्षांपूर्वी ओळखला होता.

धोरणात उपाय लिहिलाय

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी आणि त्यापुढे शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवला आहे. काम न सोडता, टीव्ही आणि स्मार्टफोनवरून शिकायचं, आणि महिन्यातून किमान एकदा शिक्षण विभागाच्या केंद्रात प्रत्यक्ष वर्ग. हेच धोरण सांगतं की मेंदूचा 85 टक्क्यांहून जास्त विकास सहा वर्षांच्या आत होतो.

मला यातला महिन्याचा वर्ग सगळ्यात कामाचा वाटतो. फोनवरचा व्हिडिओ ‘कसं करावं’ दाखवतो, पण ‘माझ्याकडचा अमुक मुलगा चावतो, काय करू?’ याला उत्तर देत नाही. ते उत्तर दुसरी सेविका किंवा अनुभवी मार्गदर्शक देते. आणि त्यासाठी लांब जायला नको. ठाणे जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, आपल्याच अंबरनाथ तालुक्यात, बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. अडचण खात्यांची आहे: डाएट शालेय शिक्षण विभागाची, अंगणवाडी महिला व बालविकासची, आणि खाजगी नर्सरी कालपर्यंत कुणाचीच नाही. एकाच गल्लीतल्या तीन वर्षांच्या दोन मुलांच्या ताई दोन वेगळ्या सरकारी फायलींत आहेत.

या जूनमध्ये प्रवेश घेणार असाल तर फीच्या आधी तीन प्रश्न विचारता येतील. टीचरनं कोणता कोर्स केलाय आणि त्यात प्रत्यक्ष मुलांसोबत किती दिवस घालवले? गेल्या वर्षभरात संस्थेनं तिला कुठल्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि त्या दिवसाचा पगार दिला का? मुलानं काही विचित्र सांगितलं तर ती सगळ्यात आधी कुणाला कळवते? शेवटच्या प्रश्नाला ‘आधी मॅनेजमेंटला विचारावं लागेल’ असं उत्तर आलं, तर कलम 19 मध्ये मॅनेजमेंटच्या परवानगीचा उल्लेख नाही, हे तिथल्या तिथे सांगा.