वहीतला चौथा रकाना

परदेशी फिरायला जाणाऱ्या मराठी माणसांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कंपनीच्या खर्चाने जाणाऱ्यांचा. दुसरा मुलाबाळांकडे जाणाऱ्यांचा. यांना अमेरिकेत राहून नातवंडांची शाळा आणि किराणा मालाचे दुकान यांपलीकडचे काही दिसतेच असे नाही. तिसरा वर्ग स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या रजेत आणि स्वतःच्या हौसेखातर जाणाऱ्यांचा. हा वर्ग मोठा सोशीक असतो. प्रवास बारा दिवसांचा आणि तयारी बारा महिन्यांची, हे त्याचे लक्षण. येत्या मे महिन्यासाठी आम्ही उभयतांनी या तिसऱ्या वर्गात नाव घातले आहे. दिवाळी अंकातले पान नेहमीच्या पानापेक्षा जरा ऐसपैस असते, तेव्हा आमची हिशेबाची वही वाचकांपुढे उघडायला हरकत नाही.

तुटपुंज्या पैशात प्रवास करण्याची आपल्याकडे परंपराच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते हवापालटासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि यज्ञात चांगली दक्षिणा मिळेल अशी बातमी होती. ते नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले आणि त्यातून तयार झालेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. वर्गात मी हे पुस्तक मोठ्या उत्साहाने शिकवतो. घरी तोच उत्साह दाखवला तेव्हा आमची सौ. म्हणाली, “आणि इतके दिवस मागे त्यांचं घर कोण सांभाळत होतं?” हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत येत नाही. पण पुढे आमच्या वहीत तो फार कामाला आला.

आमचा आकडा पक्का होता. पाच वर्षे महिन्याच्या महिन्याला भरलेल्या आवर्त ठेवीचे चार लाख रुपये. त्यावर एक रुपयाही नाही, कारण पुढच्या जूनमध्ये चिरंजिवांचा कॉलेजप्रवेश आहे आणि आईच्या गुडघ्यांचे डॉक्टरांनी कधीचे सांगून ठेवले आहे. त्या दोन्ही पैशांना हात लावायचा नाही, हे दोघांनी आधीच ठरवले. लग्नाला एकवीस वर्षे झाली. आजवरचे प्रवास कुलदैवताचे, लग्नकार्यांचे किंवा मुलाच्या परीक्षाकेंद्रांचे. दोघांनी दोघांसाठी काढलेला हा पहिलाच.

पहिल्या यादीत सात गावे होती : लंडन, पॅरिस, इंटरलाकेन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम. रात्री बारा. यादी वाचून छाती अभिमानाने फुगत होती. मग सौ.ने पेन्सिल घेतली. सात मुक्काम म्हणजे सहा स्थलांतरे. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, बॅगा ओढत स्टेशन गाठायचे, नव्या गावी पोचायचे आणि दुपारी दोन-तीनला नवी खोली ताब्यात येईपर्यंत बॅगांवर बसून राहायचे. म्हणजे दर स्थलांतराला अर्धा दिवस. सहा अर्धे, तीन. बारांतले तीन दिवस बॅगांना वाहिलेले आणि शिवाय सहा तिकिटांचे पैसे वेगळे!

लंडन आपोआप गळाले, कारण त्याचा व्हिसा निराळा, फी निराळी. बाकीच्या गावांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव. तिथे १९८५ साली पाच देशांनी करार केला आणि आज एकोणतीस देश त्यात आहेत. या व्हिसाचे नियम पाठ करावेत असे आहेत. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढायच्या, त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी शिल्लक हवी. जून २०२४ पासून प्रौढ माणसाची फी नव्वद युरो आहे आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. म्हणून खोल्या रद्द करता येतील अशाच ठरवाव्यात. त्या जरा महाग पडतात, पण झोप स्वस्त होते.

उरलेल्या सहा गावांत काय गाळायचे यावर दोन रविवार गेले. शेवटी आम्ही चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाने एकच गाव लिहायचे. जे गाळले तर प्रवासालाच अर्थ नाही असे. माझ्या चिठ्ठीत रोम होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वाचलेला ज्युलियस सीझर अजून डोक्यातून गेलेला नाही. सौ.च्या चिठ्ठीत पॅरिस असणार अशी माझी खात्री. चिठ्ठी उघडली तर तीत यादीत नसलेलेच गाव : पादुआ!

सौ. शाळेत जीवशास्त्र शिकवते. पादुआच्या विद्यापीठाची वनस्पतिबाग १५४५ सालची. आपल्या मूळ जागेवर टिकून असलेली एवढी जुनी विद्यापीठाची बाग दुसरी नाही. तिथे १५८५ साली लावलेले एक ताडाच्या जातीचे झाड आजही उभे आहे. जर्मन कवी गटे १७८६ साली तिथे आला, त्याने ते झाड पाहिले आणि झाडाचे सारे अवयव म्हणजे एका पानाचीच निरनिराळी रूपे, हा त्याचा विचार तिथे पक्का होत गेला. पुढे १७९० साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. “वीस वर्षं मी मुलांना फळ्यावर पान काढून दाखवतेय,” सौ. म्हणाली, “ते झाड एकदा मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.” एकवीस वर्षांच्या संसारात हे झाड आमच्या घरात एकदाही उच्चारले गेले नव्हते. सात गावांपैकी निम्मी गावे शेजाऱ्यांच्या फोटोंतून आमच्या यादीत शिरली होती, हेही त्या दिवशी उघड झाले. त्यांना निरोप देताना फारसे दुःख झाले नाही.

आणि पादुआ निघाले भलतेच किफायती. तिथून व्हेनिस आगगाडीने जेमतेम अर्धा तास. व्हेनिसमध्ये राहण्यापेक्षा पादुआत राहणे पुष्कळ स्वस्त. मुक्काम एक, गावे दोन. व्हेनिसला नुसता दिवसापुरता येणाऱ्या पाहुण्याकडून २०२४ पासून काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात, तेवढ्या तारखा पाहून जायचे. माझाही फायदा झाला. पादुआपासून जवळच आर्क्वा नावाच्या खेड्यात पेत्रार्क या कवीचे शेवटच्या दिवसांतले घर आहे. तो १३७४ साली तिथेच वारला. त्याने नावारूपाला आणलेला चौदा ओळींचा घाट इंग्रजीमार्गे केशवसुतांनी मराठीत आणला आणि त्याचे पुढे सुनीत झाले. दरवर्षी फळ्यावर आठ आणि सहा ओळींचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला बसच्या तिकिटात एवढे मिळाले तर आणखी काय हवे?

तेव्हा बेत ठरला तो असा : व्हिएन्ना तीन रात्री, पादुआ चार, रोम पाच. स्थलांतरे दोन. जाताना मुंबई–व्हिएन्ना, येताना रोम–मुंबई असे एकच जोडतिकीट. म्हणजे परतीसाठी पुन्हा व्हिएन्ना गाठायला नको. रात्री इटलीत जास्त, म्हणून अर्ज इटलीकडे.

इथवर वहीत तीन रकाने होते : बाब, युरो, रुपये. चौथा रकाना आला तो बचतीच्या कलमांवरून. मी मोठ्या उमेदीने कलमे लिहीत होतो. व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीची गाडी घ्यावी, एका खोलीचे भाडे वाचते. रोममध्ये खोली गावाबाहेर घ्यावी. आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर रोजचे पंधरा-वीस युरो वाचतात.

“वाचतात खरे,” सौ. म्हणाली, “पण ते वाचवणार कोण?”

तिने पट्टी घेऊन वहीत आणखी एक उभी रेघ मारली आणि वर लिहिले, ‘भरणार कोण?’ स्वयंपाकघराच्या कलमापुढे स्वतःचे नाव घातले आणि वही माझ्याकडे सरकवली. “अहो, सहा हजार किलोमीटर उडून जाऊन मी पिठलंच ढवळायचं असेल, तर आपलं स्वयंपाकघर काय वाईट आहे? मला बारा सकाळी अशा हव्यात, की आज डब्याला काय, हे मला कुणी विचारणार नाही. त्यात फार तर पॅरिस कमी पडलं तरी चालेल.”

हा रकाना आल्यावर बेताचा चेहराच बदलला. फुकटात काहीच नसते. पैसे वाचले तर ते कुणाच्या तरी झोपेतून, पायांतून किंवा हातांतून वसूल होतात. रात्रीच्या गाडीपुढे लिहावे लागले : ‘दोघांची झोप, दुसरा दिवस.’ ती रद्द झाली. दिवसाची गाडी ठरली आणि तिच्या वाटेवर सेमेरिंगचा घाट आहे, हा लाभ. तो लोहमार्ग १८५४ साली खुला झाला. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६३ साली. खंडाळ्याच्या खिडकीत वाढलेल्या माणसाने हे घाटाचे थोरले भावंड झोपेत ओलांडू नये. गावाबाहेरच्या खोलीपुढे आले : ‘सौ.ची टाच.’ म्हणून रोमची खोली भुयारी रेल्वेच्या स्टेशनाजवळ घ्यायची. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याने ऐकायची जागा बैठकीच्या मानाने अगदी स्वस्तात मिळते. तिच्यापुढे लिहिले : ‘दोघांचे पाय, निम्मे निम्मे.’ ती मात्र मंजूर झाली. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर रात्री काढलेल्यांना तीन तास उभे राहणे जड जाऊ नये.

इटलीतील सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात. पण त्या दिवशी कलोसियमपुढे जी रांग लागते तिचे मोल कोण भरणार? तेव्हा त्या रविवारी एखादे लहान संग्रहालय पाहायचे आणि कलोसियमचे तिकीट आधी काढून दुसऱ्या दिवशी जायचे. उलट काही बचती अशा आहेत की ज्यांचा भार कुणावरच पडत नाही, आणि त्या आम्ही सगळ्या घेतल्या. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ वाहते आहेत; पाण्याची बाटली विकत घेणे म्हणजे पैसे टाकणेच. इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून महाग. जलद गाड्यांची तिकिटे जितकी आधी काढाल तितकी कमी किमतीत मिळतात. लहान पल्ल्याच्या गाड्यांचे भाडे ठरलेले असते, त्यांची घाई नको. त्यांचे कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. आणि कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारले तर ‘युरोत’ म्हणायचे. रुपयांचा दर यंत्राच्या मालकाच्या सोयीचा असतो.

स्वयंपाकघराचे कलम शेवटी अर्धे राहिले. पादुआत स्वयंपाकघर असलेली खोली आणि तिथली चार रात्रींची जेवणे माझ्याकडे. चौथ्या रकान्यात आता माझे नाव आहे. श्रावणापासून दर रविवारी रंगीत तालीम चालू आहे. खिचडी उत्तीर्ण झाली, थालीपीठ पूरक परीक्षेला बसले आहे. बरोबर भाजणी आणि मेतकूट. तूप नाही, पेढे नाहीत, कारण युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. फळांचेही तसेच. केळी, नारळ, खजूर, अननस चालतात, पण ऐन मे महिन्यात हापूसला मज्जाव! हा नियम कळल्यावर आईने युरोपविषयीचे आपले मत एका वाक्यात सांगितले, ते इथे छापण्यासारखे नाही.

आईवरून आठवले. चौथ्या रकान्यातली सर्वांत मोठी नोंद वहीत शेवटपर्यंत नव्हती. चौदा दिवस आईपाशी माझी बहीण येऊन राहणार, हे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. सौ.ने विष्णुभटांचा प्रश्न पुन्हा काढला. बहिणीची रजा, तिचे घर, रात्री आईला उठवणे-बसवणे, यांची किंमत कोणत्या रकान्यात? तेव्हा बहिणीशी आधी बोलणे झाले आणि दिवसा मदतीला बाई ठेवण्यासाठी पंधरा हजार बाजूला काढले.

आता अखेरचा जमाखर्च. युरोला शंभराच्या वर रुपये पडतात; आम्ही सुरक्षित म्हणून एकशे दहा धरले. विमानाची तिकिटे १,१०,०००. व्हिसा आणि विमा २८,०००. बारा रात्रींचे भाडे ९६० युरो, म्हणजे १,०५,६००. आगगाड्या २२,०००. जेवणखाण ५२,८००. प्रवेशशुल्के, बस आणि खोलीबरोबर द्यावा लागणारा शहरकर मिळून २७,५००. एकूण ३,४५,९००. त्यांत मदतनीस बाईंचे १५,००० मिळवले तर ३,६०,९००. शिल्लक ३९,१००, ही अडीअडचणीसाठी. अडचण आली नाही तर आईच्या गुडघ्यांच्या खात्यात.

काटकसरीचा प्रवास हलका नसतो. उलट, ज्याला मोजून खर्चायचे आहे त्याला आपल्याला नेमके काय पाहायचे आहे हे आधी ठरवावे लागते आणि बरोबरच्या माणसाला काय पाहायचे आहे हे विचारावे लागते. भरल्या खिशाच्या माणसाला सातही गावे परवडतात, त्यामुळे चिठ्ठी उघडण्याची वेळच येत नाही. तुमच्यापैकी कुणी येत्या सुटीत अशी वही घालणार असेल तर पहिले तीन रकाने सांगायला नकोत, ते कुणालाही येतात. चौथा विसरू नका. आणि त्यात पुन्हा पुन्हा एकाच माणसाचे नाव दिसू लागले, तर ती बचत नव्हे, उसनवारी आहे असे समजा. परत आल्यावर ती घरातल्या घरात, व्याजासकट फेडावी लागते.