बुरशीची बाजू

परवा देवळालीला जाऊन आलो. (नाशिकची लष्करी छावणीवाली नव्हे हो, आमची राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा!) जुन्या घराच्या माळवदाची एक तुळई भिंतीतल्या टोकाला सडली आहे. काका म्हणाले, "लाकूड संपलं. पाडून टाकू घर." मला हे पटलेलं नाही. घरातले बरेच जण इथे डोकावतात, म्हणून इथेच लिहितो.

तुळईचं ते टोक तपकिरी पडलंय, उभ्या-आडव्या भेगांनी त्याचे चौकोनी तुकडे झालेत आणि बोटाने दाबलं की चुरा होतो. ही तपकिरी कूज. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. पांढऱ्या कुजीची बुरशी लिग्निनही सोडत नाही. मागे उरतं फिकट, मऊ, धागेदार लाकूड.

वखारीत पावसात भिजलेले ओंडके कधी नीट बघितलेत? पंख्यासारखी, रंगीत पट्ट्यांची ट्रामेटिस, राखाडी लवेची शायझोफायलम, कोळशाच्या गोळ्यासारखी डाल्डिनिया... आपण सगळ्यांना एकच नाव देतो, 'बुरशी'! फणसाच्या खोडावरचा फणसोंबा सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे. तोही याच गोतावळ्यातला. भीमाशंकरच्या रानात तर पावसाळ्यात कुजक्या काटक्या रात्री चक्क उजेड देतात. तोही बुरशीचाच.

ही मंडळी नसती तर रतनगडाच्या, म्हणजे आपल्या प्रवरेच्या उगमाकडच्या रानात, पडलेल्या झाडांचा नुसता ढीग साचला असता. म्हणून रानातलं पडकं खोड 'साफसफाई' म्हणून उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. ते त्यांचं घर आहे.

आणि आपलं घर? लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ही बुरशी वाढूच शकत नाही. म्हणजे दोषी पाणी. माळवदातून झिरपलेलं पाणी पूर्वी मातीच्या भिंतीतून सुकून जायचं. त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करा म्हणून हट्ट कुणी धरला होता? मीच! ओल आत कोंडली ती तेव्हापासून.

तेव्हा काका, सडलेलं टोक कापून सागाचा सांधा देऊ, गळती थांबवू, गिलावा खरवडून काढू. खर्च माझा. बाकीची तुळई ठोकून बघितली, खणखणीत वाजते.

बुरशीने तिचं काम केलं. आता आपण आपलं करू.