अलीपूर रोडवरचे शेवटचे काम

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, हे आपल्याला पाठ आहे. पण शेवटची वर्षे त्या शहरात ते काय लिहीत होते, असे विचारले की आपल्यातलेही बरेच जण संविधानाचे नाव घेतात. हा गैरसमज आता सिमेंट-काँक्रीटमध्ये उभा राहिला आहे, म्हणून त्यावर बोलणे भाग आहे.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडल्यानंतर बाबासाहेब २६, अलीपूर रोड या घरात राहायला गेले. संविधान त्याआधीच लागू झाले होते. या घरातले त्यांचे मोठे काम म्हणजे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. सरकार बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षे साजरी करत असताना, सप्टेंबर १९५६ मध्ये, त्यांनी नेहरूंना पत्र लिहून या ग्रंथाच्या सुमारे ५०० प्रती सरकारने घ्याव्यात असे सुचवले. प्रकाशनांसाठीची रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी याच ग्रंथाची प्रस्तावना हाताशी घेतली होती. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला, तो सरकारने नव्हे, सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने.

आता घराचे पाहू. नेहरूंचे निधन मे १९६४ मध्ये झाले आणि त्याच वर्षी तीन मूर्ती भवनात त्यांचे संग्रहालय सुरू झाले. गांधीजींची हत्या झाली ते बिर्ला हाऊस १९७३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. अलीपूर रोडची जागा राष्ट्राची व्हायला २००३ साल उजाडले, आणि स्मारकाचे उद्घाटन झाले १३ एप्रिल २०१८ ला. म्हणजे ६१ वर्षांनंतर. सत्तेत काँग्रेस असो की भाजप, रांगेत आपण शेवटी.

आणि या स्मारकाला आकार दिला उघडलेल्या संविधानाचा! आत अशोकस्तंभ आहे, ध्यानाची जागा आहे, हे मान्य. पण रस्त्यावरून दिसते ते संविधानच. काही मित्र म्हणतील, संविधानाचा मान वाईट कसा? मान वाईट नाहीच. संविधान आपले कवच आहे. मात्र व्यवस्थेला ‘घटनेचे शिल्पकार’ एवढेच बाबासाहेब सोयीचे वाटतात. त्यांना हार घातला की जात तशीच ठेवून पुढे जाता येते. धम्म स्वीकारणारे, लाखोंना बरोबर घेऊन जातीच्या धर्मातून बाहेर पडणारे बाबासाहेब तिला पेलत नाहीत. म्हणून कोणाचे स्मारक झाले एवढे विचारून थांबू नये. कोणत्या बाबासाहेबांचे झाले, हेही विचारावे.

आपलाही यात वाटा आहे. महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये हा ग्रंथ इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या अकराव्या खंडात छापला, मराठी अनुवादही घराघरांत आहे. पण तो किती घरांत फक्त फोटोशेजारी पूजेला ठेवलेला असतो?

दिल्लीत शिकणाऱ्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ६ डिसेंबरला अलीपूर रोडवर जावे, सोबत हा ग्रंथ न्यावा आणि एक प्रकरण मिळून वाचावे. चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी परतीच्या रेल्वेत तेच करावे. आणि सरकारकडे एकच मागणी लावून धरावी: १९५६ मध्ये ज्या ग्रंथासाठी पैसे उरले नव्हते, तो त्या स्मारकात प्रत्येक भारतीय भाषेत आणि गरिबाला परवडेल अशा किमतीत मिळालाच पाहिजे.

जय भीम!