फोर बाय फोरसाठी तीन लाख जास्त द्यावेत का? तळेगावच्या पांदण रस्त्यावरचं गणित

नागपूर-अमरावती महामार्गावरून तळेगाव (श्यामजी पंत) गाठायला कुठलीही गाडी चालते. एका बाजूला कारंजा (घाडगे), दुसऱ्या बाजूला तिवसा, आणि गावातून आर्वी-आष्टीकडे जाणारे डांबरी रस्ते. अडचण सुरू होते ती डांबर सोडून शेताकडे वळल्यावर. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की पांदण रस्त्यावरची काळी माती अशी काही चाकाला धरते, की दुचाकीचं मडगार्ड भरून चाक फिरायचं थांबतं. मग झड लागली तर आठ-आठ दिवस शेतात पायीच जावं लागतं.

त्यामुळे संत्र्याचे किंवा कापसाचे बरे पैसे हातात आले आणि घरात थारसारख्या गाडीचा विषय निघाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नुसती मागच्या चाकांवर चालणारी घ्यायची, की कंपनीनंच बसवलेली फोर बाय फोर? रील बघून हा निर्णय एका मिनिटात होतो. हिशेब मांडला तर जरा वेळ लागतो.

फरक नेमका किती पैशांचा?

महिंद्राची थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तेव्हा जाहीर झालेल्या एक्स-शोरूम किमतींमध्ये एलएक्सटी व्हेरिएंटची डिझेल, मॅन्युअल, मागच्या चाकांवर चालणारी गाडी १२.१९ लाखांना होती. त्याच व्हेरिएंटची डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर गाडी १५.४९ लाखांना. फरक ३ लाख ३० हजारांचा.

हे सगळे पैसे जादा गिअर आणि शाफ्टचे आहेत असं वाटेल, पण तसं नाही. स्वस्त गाडीत १.५ लिटरचं इंजिन आहे, फोर बाय फोरमध्ये २.२ लिटरचं. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १,५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर गाडी सरकारच्या लेखी लहान. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो. इंजिन त्याहून मोठं असेल तर ४० टक्के. दोन्ही थार चार मीटरच्या आतच आहेत, पण २.२ लिटरच्या इंजिनामुळे फोर बाय फोर थेट वरच्या गटात जाते.

आता जीएसटी बाजूला काढून बघा. १२.१९ लाखांतून १८ टक्क्यांचा कर वजा केला तर साधारण १०.३३ लाख उरतात. १५.४९ लाखांतून ४० टक्क्यांचा कर वजा केला तर ११.०६ लाख. म्हणजे करापूर्वीचा फरक फक्त ७३ हजारांच्या आसपास आहे. ३ लाख ३० हजारांपैकी अडीच लाखांहून जास्त रक्कम सरकारी तिजोरीत जाते. गिऱ्हाईकाला वाटतं आपण मोठ्या ताकदीची यंत्रणा घेतली. प्रत्यक्षात त्यानं घेतलेली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे कराचा वरचा टप्पा.

गंमत म्हणजे करकपातीनंतर ही दरी वाढली. पूर्वी या दोन गाड्यांवर सेससकट ३१ आणि ४८ टक्के कर होता, म्हणजे १७ टक्क्यांचा फरक. आता तो २२ टक्क्यांचा झाला. सप्टेंबरमध्ये दोन्ही गाड्या स्वस्त झाल्या, पण टू-व्हील ड्राइव्ह डिझेल जास्त स्वस्त झाली.

पेट्रोलमध्ये चित्र जरा वेगळं दिसतं. तिथं दोन्हीकडे दोन लिटरचंच इंजिन असल्यानं करही सारखाच, ४० टक्के. ऑटोमॅटिक पेट्रोलची टू-व्हील ड्राइव्ह १३.९९ लाखांना आणि फोर बाय फोर १६.२५ लाखांना होती. म्हणजे नुसत्या यंत्रणेसाठी २ लाख २६ हजार. ही तुलना जास्त स्वच्छ आहे. पण गावाकडे रोजच्या वापराला पेट्रोल ऑटोमॅटिक घेणारे थोडेच, म्हणून पुढचा हिशेब डिझेलचाच.

३ लाख ३० हजारांवर महाराष्ट्राचा रस्ता करही लागतो. १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला तो १४ टक्के आहे, म्हणजे आणखी ४६ हजार. ही वाढीव रक्कम कर्जानं घेतली, पाच वर्षं आणि ९ टक्के व्याज धरलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,८५० रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत ४ लाख ११ हजार होतात. रस्ता कर मिळवला की आकडा साडेचार लाखांच्या पुढे.

गाडी आठ वर्षं ठेवली आणि वर्षात खरोखर अडकण्यासारखे २० दिवस आले असं समजू. दिवसाला २,८५० रुपये पडतात. विकताना ३ लाख ३० हजारांपैकी निम्मे परत आले असं धरलं, तरी दिवसाला अठराशे. विम्याचा आणि डिझेलचा जादा खर्च यात अजून आलेलाच नाही.

मग या पैशांत मिळतं काय?

इथं ट्रॅक्टर चालवणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. नांगरताना एक चाक जागेवर गरगर फिरायला लागलं की तो पायाशी असलेलं डिफरन्शियल लॉकचं पॅडल दाबतो. मग दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. मोटारीतही तेच तत्त्व आहे. डिफरन्शियलमुळे वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीनं फिरू शकतं, म्हणून गाडी सहज वळते. पण चिखलात हाच गुण अंगाशी येतो. ज्या चाकाची पकड सुटली ते फिरत राहतं आणि पकड असलेल्या चाकाला जोरच मिळत नाही.

फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकांनाही ताकद जाते. त्याशिवाय फोर-लो नावाचा गिअर मिळतो. त्यात गाडी अगदी हळू आणि जास्त जोरानं चालते. नाल्याच्या चढावर किंवा भरलेली ट्रॉली ओढताना खरा उपयोग याचाच. मागच्या डिफरन्शियलचं यांत्रिक लॉक मिळत असेल तर ते तिसरं. पण ते प्रत्येक व्हेरिएंटमध्ये असेलच असं नाही. काही ठिकाणी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम भागवलेलं असतं. ते दगडगोट्यांत चालतं, लांबच लांब चिखलात लवकर दमतं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा या बाबतीत उजवी आहे. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक कंपनीकडूनच येतं.

एक गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत. थारची ही यंत्रणा कोरड्या डांबरावर वापरायची नसते. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, यंत्रणा आवळली जाते आणि मोडतोड होते. म्हणजे तळेगाव ते नागपूर या प्रवासात फोर बाय फोरचा काडीचा उपयोग नाही. नुसतं वजन सोबत जातं.

काळ्या मातीत ही यंत्रणा कितपत चालते?

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते. ती टायरच्या खाचांमध्ये गच्च बसली की टायर गुळगुळीत होतो. मग दोनाऐवजी चार चाकं जागेवर फिरतात, एवढाच फरक. अशा वेळी खोल आणि दूरदूर खाचांचे, फिरता फिरता माती बाहेर फेकणारे मड-टेरेन टायर जास्त कामाचे. कंपनीकडून साधारणपणे ऑल-टेरेन टायर येतात. ते मधल्या वाटेचे असतात, डांबरावर आवाज कमी आणि चिखलात पकडही बेताची. चांगल्या मड टायरचा चार चाकांचा खर्च तीन लाखांच्या जवळपासही जात नाही. मात्र ते महामार्गावर घोंगावतात, लवकर झिजतात आणि मायलेज खातात. ज्याचं निम्मं आयुष्य अमरावती-नागपूरच्या फेऱ्यांत जातं, त्याला ते वैताग आणतील.

आणखी एक बघायला हवं. गाडी शेतात नेमकी कधी लागते? संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड पावसाळा सरल्यावर, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. कापूसही दिवाळीच्या आसपास घरी यायला लागतो. आणि माल निघतो तो ट्रॉलीतून किंवा पिकअपमधून, थारमधून नाही. भर पावसाळ्यात शेतात जायचं ते फवारणीसाठी, मजुरांसाठी, बागेत पाणी साचलं का बघण्यासाठी. त्यासाठी ट्रॅक्टर घरात असेल तर चिखलातली निम्मी गरज तिथंच भागते. वर्षानुवर्षं गावोगावी फिरणारी बोलेरोसुद्धा मागच्या चाकांवरच चालते, हेही विसरायला नको.

बाहेरून बदल करून घेतले तर?

बरेच जण म्हणतात, साधी गाडी घेऊ आणि नंतर गॅरेजमध्ये उंच करून, मोठे टायर टाकून घेऊ. कंपनीच्या पॅकेजची खरी बाजू इथं जड होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. पुढचे जाडजूड बुल बार बेकायदा असल्याचं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकी हीच खुसपटं काढते.

अमेरिकेत फोर्ड ब्रॉन्को घेणाऱ्याला सॅस्क्वाच नावाचं पॅकेज कारखान्यातूनच मिळतं. ३५ इंची टायर, पुढे-मागे डिफरन्शियल लॉक, वेगळे शॉकअप, सगळं एकत्र आणि वॉरंटीसकट. आपल्याकडे असा संच सुटा विकत मिळत नाही. जे हवं ते व्हेरिएंट निवडतानाच घ्यावं लागतं, फोर बाय फोर यंत्रणा तर नंतर बसवणं जवळपास अशक्यच. नावाला भुलूही नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या थार अर्थ एडिशनला ४० हजार जास्त मोजावे लागत होते. त्यात वाळवंटी रंग आणि आतली सजावट वेगळी होती, चिखलातली ताकद तीच.

पाण्याचा आकडा नीट वाचा

थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. हा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्याचा जोर निराळा असतो. साधारण दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाडीलाही उचलून नेऊ शकतं, मग चार चाकांना ताकद असो की दोन. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात पुलावरून पाणी वाहत असताना स्कॉर्पिओ पुरात गेली. माणसं दगावली, व्हिडिओ देशभर फिरला. इंजिनात पाणी शिरलं तर साध्या विम्यात बहुतेक वेळा भरपाई बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. तीन लाख जादा देणारे अनेक जण ते काही हजारांचं कवच मात्र वाचवतात.

मग घ्यायची कुणी?

घर शेतातच असेल, शाळा, दवाखाना, दूध सगळं त्याच पांदणीवरून होत असेल आणि मध्ये नाल्याचा चढ असेल, त्यानं फोर बाय फोर घ्यावी. रात्री पेशंट बाहेर काढायची वेळ आली तर दिवसाला अठराशेचा हिशेब कुणी करत नाही. भरलेली ट्रॉली ओढायची असेल तरीही घ्यावी. मात्र व्हेरिएंटच्या यादीत फोर-लो आणि यांत्रिक लॉक आहे की नाही ते स्वतः वाचून, मोठा स्क्रीन आणि रंगाचा मोह सोडून.

घर गावात, शेत डांबरापासून अर्ध्या किलोमीटरवर आणि दारात ट्रॅक्टर, अशा माणसाची गरज टू-व्हील ड्राइव्ह भागवते. हौस म्हणून फोर बाय फोर घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्याला शेतीची गरज म्हणू नये. वाचलेल्या पैशांत चांगले टायर येतील, ओढायचा पट्टा येईल आणि पांदणीच्या खराब तुकड्यावर मुरमाच्या काही ट्रॉल्याही पडतील. पांदणीचं म्हणाल तर मे २०२५ मध्ये महसूल विभागानं शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद ठेवण्याचा आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय केला आहे. शेजाऱ्यानं धुरा सरकवून रस्ता चिंचोळा केला असेल, तर शोरूमआधी तहसील कार्यालयाची एक फेरी जास्त उपयोगाची ठरू शकते.

बहुतेक बुकिंग दसरा-दिवाळीला होतं. तोवर पांदण वाळलेली असते आणि टेस्ट ड्राइव्ह महामार्गावर होते. ज्याला खात्री करायची आहे, त्यानं जुलैतली झड लागल्यावर ओळखीतल्या कुणाची तरी टू-व्हील ड्राइव्ह आपल्याच पांदणीवर घालून बघावी. ट्रॅक्टर तेवढा जवळ उभा ठेवावा.