म्हणे ताबा सुटला!

"चालकाचा ताबा सुटल्याने गाडी पाण्यात गेली." धक्क्याच्या उतारावर होडी सोडताना गाडी बुडाली की बातमीत हेच वाक्य, सरकारी कागदावरही हेच. वीसेक वर्षं फायली हाताळतोय म्हणून सांगतो, फार सोयीचं वाक्य आहे हे. एकदा लिहिलं की फाईल बंद. उताराला कुणी काही विचारत नाही.

मी विचारतो. आपल्या मांडवी-जुवारीच्या मुखाकडे पुनव-अमावास्येच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. उतार आठास एक धरला तर सोळा मीटर काँक्रीट रोज भिजतं आणि रोज उघडं पडतं. शेवाळ धरतं ते नेमकं ह्याच पट्ट्यात. ट्रॉलीवरची होडी पाण्यात उतरवायला पिकअप मागे नेली की तिची मागची चाकं तिथंच येतात, आणि हँडब्रेक लागतो तोही मागच्याच चाकांना! पुढची चाकं कोरड्यावर, पण त्यांना धरणारं कुणी नाही. चाकं न फिरताच गाडी खाली सरकत जाते. ह्यात ताबा होता कुठे, की सुटावा?

होडी वर घेताना तऱ्हा वेगळी. ओहोटीला काँक्रीट जिथं संपतं ती कड गढूळ पाण्यात दिसत नाही. ट्रॉलीचं चाक कडेखाली उतरलं की अडकलंच. मग दोर बांधून ओढाओढ, आणि ताणलेला दोर तुटला तर समोर कोण उभं आहे ते तो बघत नाही.

माणसं चुकत नाहीत असं नाही. बूच न लावता होडी पाण्यात लोटणारे शहाणे मीही पाहिलेत. पोरंबाळं गाडीत बसलेली असताना उतारावर मागे जाणारे तर... असो. मोबाइलवर अशा फजित्या बघून आपण हसतो.

वर कुणी जाणता सांगतो, "पूर्वी कुठे होत्या गाड्या? दहाबारा जणांनी खांदा लावला की होडी दर्यात!" खरं आहे. पण तेव्हा पायाखाली वाळू होती, होडीखाली ओंडके होते आणि हाकेला धावणारी माणसं होती. आज 31 जुलैला मासेमारीबंदी संपली की फायबरची होडी घेऊन बापलेक दोघंच धक्क्यावर येतात. त्यांनी ह्या आठवणी चाकाखाली लावायच्या का?

ओहोटीला उतार खरवडून घ्यायचा, कडेला दोन रंगवलेले खांब रोवायचे, चाकांमागे लावायला लाकडी ठोकळे ठेवायचे. ह्याला असा किती खर्च येतो? उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीला पैसे मिळतात, खरवडायला मिळत नाहीत. धक्का बांधणारं खातं वेगळं, वापरणारं वेगळं, धुणारं कुठलंच नाही.

एकदा अशाच एका टिपणीत मी 'उतार शेवाळलेला होता' एवढे तीन शब्द घातले होते. टिपणी वरून परत आली. ते तीनच शब्द खोडलेले होते.