वटवाघळाकडे रेशनकार्ड नसतं

"इथं माणसांचे केस गळून राहिले आणि याला वटवाघळांची पडली!" अशी कमेंट येणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. पूर्ण वाचा, मग खुशाल शिव्या द्या.

डिसेंबर 2024 च्या शेवटी आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत केस मुळासकट हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बघता बघता आकडा 18 गावं आणि 279 माणसांवर गेला. मुलींनी कॉलेजला जाणं टाळलं. यंत्रणा काय म्हणाली आठवतं का? आधी शाम्पू, मग बुरशी, मग पाणी. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, बोअरचं पाणी वापरू नका असं सांगून झालं. राजेहो, खारपाणपट्ट्याच्या पाण्यात क्षार नाही निघणार तर काय निघणार? जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, सगळा पूर्णेचा काठ पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पीत आला. या पाण्यापायी किडन्या गेल्याची ओरड जुनीच आहे. पण एका आठवड्यात गावंच्या गावं टकली झाल्याचं कुणी ऐकलं होतं का?

मग महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर आले. विंचूदंशावर आयुष्य घालवलेला माणूस, पद्मश्री. सरकारनं पाठवलं म्हणून नाही, पदरमोड करून आले. त्यांनी नमुने तपासून घेतले आणि सांगितलं की रुग्णांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेलं आहे, झिंक मात्र कमी. त्यांचं बोट रेशनच्या गव्हाकडे होतं, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर, नवांशहर भागात सेलेनियमयुक्त जमिनी आहेत हे शेतीशास्त्रात जुनं आहे. लगेच वाद सुरू झाला. गहू की पाणी? आपली माती की परकी पोती?

आता माझा मुद्दा. हा वाद मिटवायला एक साक्षीदार आपल्याकडे होता. चिंचेवर, वडावर उलटा लटकलेला. त्याला कुणी विचारलंच नाही.

सरळ विचार करा. वटवाघळाकडे रेशनकार्ड नाही. ते खातं ते इथलं. फळं खाणारं असेल तर उंबर, पिंपळ, बागेतली फळं. किडे खाणारं असेल तर कपाशी-तुरीवरचे पतंग आणि भुंगेरे. पितं तेही नदी-नाल्याचं पाणी. म्हणजे दोष आपल्या मातीत-पाण्यात असेल तर तो त्याच्या अंगात उतरणार. माणसांच्या केसांत सेलेनियम 150 पट आणि त्याच गावच्या वटवाघळाच्या केसांत नेहमीइतकंच, असं निघालं असतं तर बोट पाण्याकडून काढून बाहेरून आलेल्या पोत्यांकडेच न्यावं लागलं असतं. एकट्या त्याच्या साक्षीनं निकाल लागत नाही हे मान्य. पण तपास कुठल्या दिशेनं न्यायचा ते पहिल्या आठवड्यात कळलं असतं.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. ऑस्ट्रेलियात 1993 मध्ये शहरातल्या आणि शहराबाहेरच्या फळखाऊ वटवाघळांच्या शरीरातलं शिसं मोजलं, शहरातल्यांत जास्त निघालं. ते पेट्रोलमध्ये शिसं असण्याचे दिवस होते. वटवाघूळ मांजरासारखं अंग चाटून साफ करतं, त्यामुळे केसांवर बसलेली धूळही पोटात जाते. ब्राझीलमध्ये कोळशाच्या खाणींजवळच्या वटवाघळांत धातूही सापडले आणि पेशींतल्या डीएनएची मोडतोडही.

याचं कारण त्यांच्या जगण्यातच आहे. पाच-दहा ग्रॅमचा जीव, पण रात्रभरात स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके किडे सहज फस्त करतो. किड्याच्या अंगात कणभर असलं तरी रोजचं मणभर साचतं. आणि आयुष्य उंदराएवढं नाही, काही जाती वीस-तीस वर्षं जगतात. सैबेरियातल्या एकाची तर 41 वर्षांची नोंद आहे! वर्षाला बहुधा एकच पिल्लू. शिसं हाडांत मुरतं, कॅडमियम मूत्रपिंडात. केसातल्या केराटिनमध्ये गंधक असतं, त्याला पारा चिकटतो आणि सेलेनियम तर गंधकाचीच जागा घेतं. (सेलेनियम काटेकोर अर्थानं धातू नाही हे मला माहीत आहे. रसायनशास्त्राच्या सरांनी कमेंटमध्ये तास घेऊ नये.)

कुणी म्हणेल, मग गायी-बकऱ्यांचे केस तपासा. तपासा की! पण गाय बाहेरून आलेली ढेप खाते आणि बाजारात विकली जाते, बकरा तर वर्ष-दोन वर्षांत ताटात येतो. वटवाघळांची वसाहत वर्षानुवर्षं त्याच झाडावर असते. फळखाऊ वटवाघूळ एका रात्रीत मैलोगणती जातं, त्यामुळे एका शेताचा हिशेब ते देणार नाही. तालुक्याचा देईल.

आणि आपल्या तालुक्यात बघण्यासारखं कमी आहे का? संत्र्यावर आपण कॉपर ऑक्सिक्लोराइड मारतो, म्हणजे तांबं. स्फुरदाची खतं ज्या खडकातून बनतात त्यात कॅडमियम असतं. एका बाजूला पारस, दुसऱ्या बाजूला दीपनगर, दोन्हीकडे औष्णिक वीज केंद्रं. कोळशाच्या राखेत पारा, आर्सेनिक, सेलेनियम असतात. यातलं कशानं इथं अपाय झाला असं मी म्हणत नाही. मोजा म्हणतो.

मोजायची ताकद नाही असं तर सांगूच नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं पकडून तपासली आणि त्यांच्यात निपाहच्या प्रतिपिंडांचा माग काढला. म्हणजे परवानगी मिळते, पकडता येतात, प्रयोगशाळाही आहे. विषाणू शोधायला सगळं जमतं, कारण विषाणू वटवाघळाकडून माणसाकडे येतो. धातू आपल्याकडून त्याच्याकडे जातो, तिथं कुणाला घाई नाही. एकाच चिमूटभर केसांचा प्रश्न आहे. कात्रीनं कापायचे, जीव सोडून द्यायचा. तेही नको तर झाडाखालची विष्ठा आहेच.

पण आपली रीत वेगळी. झाडावर वटवाघळं दिसली की धूर करा, फटाके लावा, निपाहची बातमी आली की फांद्याच तोडा. कायद्यानंही 1972 पासून फळखाऊ वटवाघळाला उंदीर-घुशींच्या यादीत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, आपल्या डोक्यातून गेली नाही. गिधाडांचं काय झालं ते आठवा. नव्वदीत ती मरत होती, कारण कळायला 2004 उजाडलं, गुरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली 2006 मध्ये. तोवर आकाश रिकामं झालं होतं.

आरोग्य खातं रक्त बघतं, पुरवठा खातं पोती मोजतं, कृषी खातं मातीचा कागद देतं, वनखातं झाडाखालून निघून जातं. चारही खात्यांचे कागद एका टेबलावर येतच नाहीत.

म्हणून तीन गोष्टी मागतोय. रेशनचा गहू वाटण्याआधी सेलेनियमसाठी तपासा आणि आकडा दुकानाच्या फळ्यावर लावा. 140 गाव योजनेच्या नळाचं आणि गावच्या बोअरचं पाणी फक्त क्षारांसाठी नको, धातूंसाठीही वर्षातून एकदा तपासा. आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद मिळून चार-पाच वसाहतींतल्या वटवाघळांचे केस दरवर्षी घ्या. आज नोंद नसेल तर उद्या "वाढलं" म्हणायचं कशावरून?

माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, चारही खात्यांना वेगवेगळा. तुमच्या गावात वाघळांचं झाड असेल तर गाव, झाड आणि किती वर्षांपासून आहेत एवढं खाली लिहा. यादी अर्जाला जोडतो. झाडाखाली जाऊन काही उचलू नका, पडलेल्या पिल्लालाही हात लावू नका, ते काम हातमोजेवाल्यांचं.

आणि कुणी कुऱ्हाड घेऊन आलं तर फोटो काढा आणि मला पाठवा.